वेताळाच्या चपलेचा तळ

“जरा तळ इकडे करा,” डॉक्टर हुपरीकर कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाले, आणि आमच्या गावच्या वेताळाची अब्रू गेली.

भिवा गुरव देवळाच्या पायरीवर उभा होता. देवाच्या जुन्या चपला त्याने नेहमीप्रमाणे डोक्याच्या वर धरल्या होत्या. दरवर्षी तो त्या तशाच लांबून हलवायचा, लोक हात जोडायचे, की लगेच फडक्यात गुंडाळून आत. एवढ्या लांबून कोणाला काय दिसणार? पण पुण्याच्या पाहुण्याला कोण अडवणार? ते तीन पायऱ्या चढले, गुरवाच्या हातातली एक चप्पल त्यांनीच उलटी केली आणि फोटो काढायला एक डोळा मिटला. मग मिटलेला डोळा उघडला.

तळ कोरा होता. वर्षभरापूर्वी माझ्या बापाने दिला तसाच. टाचेला ओरखडा नाही, अंगठ्याखाली खळगा नाही, शिवणीच्या दोऱ्यावरचं मेणसुद्धा शाबूत.

आता ज्यांना आमचं आरोळे गाव ठाऊक नाही त्यांना सांगते. आमचा वेताळ रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो, राखण करतो. चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून जत्रेच्या दिवशी त्याला नवा जोड द्यायचा आणि जुना लोकांना दाखवायचा. तळ झिजलेला म्हणजे देव फिरला. देव फिरला म्हणजे गाव सुखी. गोष्ट १९७९ सालची. तेव्हा आमच्या चांभारवाडीतलं कोणी पायात काही घालत नसे, घालायचा तो देव. चपला करणारे माझे बाबा, बाबल चांभार, अनवाणी. आमची माणसं पाराच्या अलीकडे उभी राहायची. पायरी चढायची परवानगी बाबांच्या चपलेला होती, बाबांना नव्हती.

आणि ह्या डॉक्टर हुपरीकरांना गावात आणणारी मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. डॉक्टर तिथे भाषणाला आले. औषधं देणारे डॉक्टर नव्हेत, पुस्तकं लिहिणारे. विषय काय, तर देशोदेशींच्या लोककथांतल्या अद्भुत योनी आणि त्यांचे पाय. माणूस आयुष्यभर भुताखेतांचे पाय गोळा करत हिंडत होता. भाषण संपल्यावर कोणाला काही विचारायचंय का म्हणाले, तर मी शहाणी उभी राहिले आणि आमच्या देवाच्या चपला झिजतात म्हणून सांगितलं. सगळं कॉलेज माझ्याकडे बघत होतं. चांभाराच्या पोरीकडे सगळ्यांनी कौतुकाने बघावं असे प्रसंग फार येत नसत, मला ते गोड लागलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि जत्रेला हजर झाले.

तर तळ कोरा. मग तातोबा परब पुढे झाले. हे गावचे पहिले मानकरी, देवाच्या खालोखाल त्यांचाच शब्द. त्यांनी चप्पल हातात न घेता वाकून पाहिली आणि म्हणाले, देव वर्षभर फिरलाच नाही.

एवढं म्हणायचा अवकाश, गावाला वर्षभरातलं एकेक आठवायला लागलं. कोणाची म्हैस मेली होती, कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, शाळेची कौलं उडाली होती. परबांचा नातू सातवीत तिसऱ्यांदा नापास झाला तोही देव फिरला नाही म्हणून. पहिल्या दोन वेळी देव रोज फिरत होता, तेव्हा तो कशाने नापास झाला, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

देव का फिरला नाही, ह्याचं उत्तर परबांना अर्ध्या मिनिटात मिळालं. देवाने चपला पायात घातल्याच नाहीत. का घातल्या नाहीत? चपलांत खोट. चपला कोणाच्या? सगळ्या माना पाराकडे वळल्या. वड्याचं तेल वांग्यावर काढायला आमच्या गावाला कधी वेळ लागला नाही. परब म्हणाले, चांभाराची मुलगी हल्ली कॉलेजात जाते, घरात कातडं आणि पुस्तकं एका फळीवर, हे देवाला रुचलं नसेल. म्हणजे परबांच्या नातवाने पुस्तकाला हात लावला नाही तर देवाचा दोष, आणि मी लावला तर माझ्या बापाचा.

ठरलं असं की दुपारी चार वाजता देवाला कौल लावायचा. चांभाराची चूक आहे का, हे देवानेच सांगायचं. हो म्हणाला तर चपलांचा मान शेजारच्या गावच्या चांभाराला.

मान जाईल ह्याचं मला काडीचं दुःख नव्हतं. पण आमचं घर देवस्थानच्या जागेत होतं. माझ्या पणजोबाला ती जागा चपलांच्या बदल्यात मिळाली होती, तीही तोंडी, कागद कसला नाही. चपला आहेत तोवर घर. चपला गेल्या की भांडीकुंडी, आरी-रापी उचलायची आणि चालू लागायचं. माझी आई त्याच घरात गेली होती. मागच्या परसात तिने लावलेली चार काजूची झाडं नुकती धरायला लागली होती.

आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच डॉक्टर हुपरीकर मागोमाग आले. त्यांचा चेहरा उजळला होता. झिजलेल्या चपलेवर त्यांचं एक पान झालं असतं, न झिजलेल्या चपलेवर आख्खं प्रकरण होणार होतं. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, मी तुमच्याकडचा चहा घेईन. मी चहा दिला. पिताना म्हणाले, मी असलं काही मानत नाही. पिऊन झाल्यावर म्हणाले, बघा, मी प्यायलो. त्या एका कपाचं पुण्य पुण्यापर्यंत पुरावं अशी त्यांची इच्छा दिसत होती.

मग त्यांनी वही उघडली आणि बाबांना जगभरच्या पायांची माहिती द्यायला सुरुवात केली. बाबा समोर एका गिऱ्हाइकाच्या चपलेचा अंगठा ओढून बसवत होते. आपलं घर आज दुपारी जाणार आहे हे विसरायला त्यांना हातात काही तरी काम हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, ब्राझील देशाच्या जंगलात एक राखणदार आहे, त्याचे पाय उलटे. टाच पुढे, बोटं मागे. शिकारी माग काढत जातो तो उलट्या दिशेला.

बाबांनी क्षणभर विचार केला. “मगे आंगठो मागच्या बाजूक लावूक व्हयो,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. रशियात रानाचा एक बाबा आहे, तो उजव्या पायातलं डाव्यात घालतो आणि डाव्यातलं उजव्यात. बाबा म्हणाले, कडेची शिवण उसवत असेल, महिन्याभरात. जपानात एक जुनी छत्री आहे, तिला एकच पाय, पायात लाकडी खडाव, टुणटुण उड्या मारते. बाबा म्हणाले, एकच असली तर ती डावी म्हणायची की उजवी? डॉक्टर बुचकळ्यात पडले. जगातल्या कुठल्याही पंडिताने त्यांना हे विचारलं नसावं. मग त्यांनी आयर्लंडच्या बुटक्याची गोष्ट सांगितली. हा स्वतःच चांभार. सदासर्वदा बूट शिवत बसलेला दिसतो, पण नेहमी एकच बूट. दुसरा कधी कोणी पाहिला नाही.

बाबा पहिल्यांदा हसले. “बिचारो,” ते म्हणाले. “त्याचाय घर देवळाच्याच जागेत आसतला.”

हे मात्र डॉक्टरांनी लिहून घेतलं नाही. त्यांना परबांकडे जेवायचं आमंत्रण होतं. उठताना ते मला म्हणाले की ह्या सगळ्या योनींमध्ये एक गोष्ट समान आहे, त्यांचा पाय कधी एकसारखा राहत नाही, तो बदलतो, तोच त्यांचा गुण. चार वाजता मी अवश्य येणार, म्हणाले. आमचं घर जाण्याचा फोटो त्यांना काढायचा होता, मनात वाईट काही नाही, फक्त फोटो.

ते गेले आणि मी रडायला लागले. माझ्यामुळे झालं, मी तोंड उघडलं नसतं तर गुरवाने लांबून चपला हलवल्या असत्या आणि आणखी एक वर्ष निघालं असतं, असं काहीबाही बोलत होते. बाबांनी ऐकून घेतलं. मग फळीवरून एक जुनी, झिजून पातळ झालेली चप्पल काढली. जत्रेनंतर जुना जोड चांभाराकडे परत यायचा, तशी दोन वर्षांपूर्वीची ती होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि बोट ठेवून दाखवलं. टाच बाहेरच्या कडेने झिजलेली. करंगळीच्या जागी पट्टा ताणून फाकलेला.

“ह्यो पाय वळखतंस?” बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, देवाचा.

“भिवा गुरवाचो,” बाबा म्हणाले. “करंगळी भायर जाता त्याची. बावीस वर्सां मी त्याच पायाक शिवतंय. त्याच्याआधी त्याच्या बापाशीच्या.”

मला पहिल्यांदा कळेचना. मग बाबांनी सगळं सांगितलं. गुरवाची सुपारीची बाग देवराईच्या पलीकडे. वेताळाच्या भीतीने तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. म्हणजे देवाच्या चपला घालून गुरव वर्षभर आपल्या बागेत सुखाने फिरतो. त्याचा म्हातारा वारला त्या वर्षी बाबांना निरोप आला होता की देवाचा पाय आता जरा रुंद झालाय, बेताने माप वाढवा. बाबांनी वाढवलं होतं. देवाचा पाय रुंद कसा होतो हे त्यांनी विचारलं नाही, कारण मयताला ते लांबून हजर होते आणि भिवाचे पाय त्यांनी पाहिले होते.

“मग आत्ताच का नाही झिजल्या?” मी विचारलं.

बाबांनी रापी खाली ठेवली. भिवाचा मुलगा मस्कतला गेलाय. त्याने गेल्या जत्रेच्या वेळी बापाला पांढरे बूट पाठवले, आत स्पंज असलेले. झालं. भिवाने बावीस वर्षांची चप्पल सोडली. हे सांगताना बाबांचा आवाज चिरकला. घर जाणार म्हणून नव्हे, ते मला चांगलं समजलं. त्यांच्या हातचं सोडून कोणी कारखान्याचा बूट घातला, आणि आपली चप्पल वर्षभर फडक्यात पडून राहिली, हे त्यांना लागलं होतं.

मी ताडकन उठले. म्हटलं, चला, आत्ता सगळ्यांसमोर सांगू. बूट त्याच्या पायात आहेत, चप्पल आपल्या हातात आहे.

“सांग,” बाबा म्हणाले. “सांगलंस की देव गेलो. देव गेलो मगे चपला कोणाक करूच्यो? आणि चपला नाय तर घर खंयचा?”

मी मटकन बसले. खरं बोललो तर घर जाणार, गप्प बसलो तर घर जाणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घरात घड्याळ नव्हतं, पण ओट्यावरचं ऊन दुसऱ्या खांबाला टेकलं होतं, म्हणजे तीन वाजत आले होते. मी डॉक्टरांचं बोलणं परत परत आठवत होते. पाय बदलतो म्हणाले. एकसारखा राहत नाही म्हणाले. मी बाबांना म्हटलं, देवाचा पाय एकदा रुंद झाला होता ना? मग परत बदलायला काय हरकत आहे?

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात पाठवल्याचा पैसा वसूल झाला असं त्यांना वाटलं असावं. आम्ही सगळं ठरवून घेतलं, कोणी काय बोलायचं आणि कोणी काय अजिबात बोलायचं नाही.

चारला देवळाचं आवार भरलं होतं. मी आधी डॉक्टर हुपरीकरांना गाठलं. म्हटलं, कौलाआधी तुम्ही गावाला दोन शब्द सांगाल का, आमच्या लोकांना बाहेरचं काही ठाऊक नसतं. पंडिताला दोन शब्द सांगा म्हणायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण. ते तासभर बोलले. ग्रीस देशातली एक बाई आली, तिचा एक पाय पितळेचा आणि दुसरा गाढवाचा. मोरोक्कोची सुंदर स्त्री आली, पदराखाली उंटाचे खूर. जर्मनीच्या डोंगरातला शिंगवाला आला, एका पायाला खूर, दुसरा माणसाचा. आमच्या बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. हडळीचे पाय उलटे असतात एवढंच त्यांना ठाऊक होतं, जगात एवढी व्हरायटी आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी डॉक्टर म्हणाले की अशा शक्तींचा पाय बदलत असतो, हे सर्व संस्कृतींनी मान्य केलंय. परबांनी मान डोलावली. पुण्याचा माणूस आपल्या घरी जेवून गेलाय म्हटल्यावर त्याचं म्हणणं खोटं कसं असेल?

भिवा गुरवाने कौल लावायला घेतला. आमच्याकडे पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या पाकळ्या देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे लावतात. मग गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता पाकळी जास्त ओली असली की चिकटून राहते आणि कमी ओली असली की सुकून पडते, हे ज्ञान देवाला असेल नसेल, गुरवाला असतं.

गुरव गाऱ्हाणं सुरू करणार तेवढ्यात बाबा पाराच्या अलीकडून बोलले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, माझी चूक असली तर देवाने मला शिक्षा द्यावी, मी आजच घर सोडतो. पण आधी देवाला एक विचारा. देवाचा पाय बदललाय का? साहेब म्हणतात तसा? बदलला असला तर जुन्या मापाची चप्पल देव पायात कशी घालणार?

आणि हे बोलताना ते चार पावलं बाजूला सरकले. पाराच्या कडेला, सगळ्यांच्या वहाणांपासून वेगळे, भिवा गुरवाचे मस्कतचे पांढरे बूट काढून ठेवलेले होते. बाबा त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. बुटाला हात लावला नाही, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फक्त भिवाकडे पाहत राहिले.

भिवा गुरवाचा चेहरा मी अजून विसरले नाही. तो बाबांकडे बघे, मग बुटांकडे, मग हातातल्या पाकळीकडे. मग त्याने उजव्या पाकळीचं पाणी आपल्या धोतराला पुसलं आणि ती देवाला लावली. “बा देवा म्हाराजा, तुझो पाय बदललो आसलो तर उजवी दी,” त्याने आवाज लावला. लोक “व्हय म्हाराजा” म्हणेपर्यंतसुद्धा पाकळीने दम धरला नाही. टपकन खाली.

आवाराने सुस्कारा सोडला. डॉक्टरांनी फोटो काढला. परब म्हणाले, बरं झालं, साहेबांनी वेळेवर सांगितलं.

पण बाबांचं संपलं नव्हतं. त्यांनी हात जोडून विनंती केली की नवा जोडही जुन्याच मापाचा झालाय, तो परत न्यावा लागेल, गुरवांनी देवाला विचारून नवं माप कळवावं. आणि असं पुन्हा वर्षभर अंधारात राहणं बरं नव्हे, तेव्हा दर अमावास्येला गावाने तळ बघावा. मी बघून सांगेन, चाललेला तळ कुठला आणि दगडावर घासलेला कुठला. दगडावर घासलेला हे शब्द त्यांनी अगदी सहज उच्चारले. परबांना फार आवडलं. कुठलीही नवी बैठक परबांना आवडायची, बसायला मानाची जागा त्यांचीच असायची.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी गेले. पुढे त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात आरोळ्याच्या वेताळावर सोळा पानं आहेत, परबांचा फोटो आहे, आणि चपलांच्या फोटोखाली लिहिलंय, स्थानिक कारागिराने बनवलेल्या. त्या कारागिराच्या ओट्यावरचा चहा मात्र प्रस्तावनेत आलाय.

गुरवाने माप कळवलं. एक दोरा आला, जुन्या मापाचाच, गाठसुद्धा त्याच जागी. बाबांनी तो दोरा चुलीत टाकला आणि नव्या जोडाचा तळ उसवला. मग तालुक्याला जाऊन गॅरेजवाल्याकडून ट्रकचा जुना टायर आणला. दोन दिवस खपून त्यांनी तो कापला, चपलेला खालून ठोकला आणि वरून कातड्याची एवढी पातळ पट्टी फिरवली की टायर आहे हे उचलल्याशिवाय कळू नये. देवाने तळ कशाचा असावा हे कधी सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं, हा झिजणार कधी? बाबा म्हणाले, ट्रकखाली पन्नास हजार मैल झिजतो.

पहिली अमावास्या आली. बाबांनी पाराशी उभं राहून तळ पाहिला आणि खेदाने मान हलवली. देव फिरलेला नाही. आता चपला नव्या मापाच्या, कौल देवाचा, चांभार निर्दोष. मग राहिलं कोण? लोक गुरवाकडे बघायला लागले. पूजा कोण करतं, नैवेद्य वेळेवर असतो का, दिवा विझतो का, असं सगळं निघालं. परबांनी सगळ्यांदेखत विचारलं की घरात मस्कतचा पैसा आल्यापासून गुरवांचं लक्ष कुठे असतं. भिवाला घाम फुटला.

दुसऱ्या महिन्यात मी लाकडांसाठी सड्यावर गेले तर लांब, जांभ्या दगडाच्या त्या तापलेल्या माळावर एक माणूस एकटाच चालत होता. भर दुपारी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत फिरून या टोकापर्यंत. लंगडत होता. पांढरे बूट त्याने फडक्यात बांधून बगलेत मारले होते. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, चालतोय तर चालू दे, आपण देवाच्या वाटेत जाऊ नये.

दुसऱ्या अमावास्येला तळावर फक्त चार ओरखडे. बाबा म्हणाले, देवाने सुरुवात केलीय, पण मनापासून नाही.

तिसऱ्या अमावास्येला आठ दिवस असताना भिवा गुरव आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. सकाळची वेळ, वाडीतली सगळी माणसं दारात. त्याच्या घराण्यातला माणूस आमच्या अंगणात पाऊल ठेवल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. हातात फडक्यात गुंडाळलेल्या देवाच्या चपला होत्या. पायात काहीच नव्हतं.

“बाबल,” तो हळूच म्हणाला, “देवाचे पाय दुखतत रे.”

बाबांनी काम थांबवलं नाही. “खंयचो पाय?”

भिवाने डावा पाय पुढे केला. केला आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो तसाच उभा राहिला, एक पाय पुढे, मान खाली. मागे घ्यायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. टाचेची कातडी सोलून निघाली होती, करंगळी सुजून काळीनिळी पडली होती. मला त्याची कीव आली हे कबूल करते. थोडीशीच.

बाबांनी ओट्यावरची जागा झटकली आणि बसा म्हणाले. भिवा बसला. बाबांनी त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, टाच चाचपली, करंगळीच्या बाजूने अंगठा फिरवला. बावीस वर्षं त्या पायासाठी शिवलं आणि हात आज लागत होता. भिवाने डोळे मिटून घेतले. दुखत असेल म्हणून, किंवा दारातली माणसं दिसू नयेत म्हणून.

“तळ बदल,” भिवा म्हणाला. “मऊ लाय. मी जल्मभर घालीन. बूट खंय फेकू सांग.”

बाबांनी पाय सोडला नाही. “ह्या घर कोणाचा, गुरवांनू?” त्यांनी विचारलं.

“तुझाच ना.”

“कागदार?”

भिवाने डोळे उघडले. मग म्हणाला की ते आपल्या हातात नाही, जागा देवाची, परब मानायचे नाहीत.

“मगे देवाक विचारा,” बाबा म्हणाले. “पाकळी लावा. उजवी पडात.”

तिसऱ्या अमावास्येआधीच कौल लागला. गुरवाने स्वतःहून गाऱ्हाणं घातलं, की देव फिरायला तयार आहे, पण चपला करणाऱ्याच्या डोक्यावर त्याचं स्वतःचं छप्पर असावं अशी देवाची इच्छा दिसते, असेल तर उजवी दे. उजवी पडली. परबांनी दुसऱ्यांदा विचारायला लावलं, दुसऱ्यांदाही उजवी पडली. तिसऱ्यांदा विचारू लागले तेव्हा कोणी तरी म्हणालं, देवाला किती वेळा विचाराल, परत फिरायचं थांबेल. मग परबांनी देवस्थानच्या वतीने कागदावर सही केली. महिन्याभरात ग्रामपंचायतीत घर बाबांच्या नावावर चढलं.

कागद घेऊन मी घरी आले. बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, नाव आलं की दर वेळी थांबायला सांगत होते. मग कागद आईच्या फोटोमागे ठेवला, रापी घेतली आणि देवाच्या चपलांचा टायर उपटून काढला. संध्याकाळपर्यंत त्यांनी म्हशीच्या मऊ कातड्याचा तळ शिवला, करंगळीशी पट्टा सैल सोडला, आणि पुढच्या अमावास्येला वेताळ गावभर फिरून आल्याचं सगळ्या गावाने तळ पाहून एकमताने मान्य केलं.